व्हिएतनाम जवळचं, स्वयंपाकघर लांबचं

आमच्या ग्वाल्हेरच्या महिला मंडळात मागे ‘दलित पँथरचा जाहीरनामा’ वाचायला घेतला होता. लष्करातल्या एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर आम्ही दहा-बारा जणी जमतो, त्यांतल्या निम्म्या जैन. विषय मीच सुचवलेला. “हे राजकारण आपल्याला कशाला गं?” अशी थोडी कुरबुर झाली, पण वाचलं सगळ्यांनी.

१९७३ सालचं हे लिखाण. त्यात अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांशी नातं सांगितलंय आणि त्याच दमात व्हिएतनाम, कंबोडिया, आफ्रिका यांची नावं येतात. एकीने विचारलं, मुंबईतल्या झोपडपट्टीतल्या पोरांना कुठल्या कोपऱ्यातल्या व्हिएतनामचं काय पडलं होतं? प्रश्न रास्त आहे. पण मला वाटतं, जाहीरनाम्याचा खरा जोर तिथंच आहे. अमेरिकेतल्या काळ्या तरुणांना स्वातंत्र्याच्या नावाखाली तिकडे लढायला धाडत होते, आणि त्यांच्या स्वतःच्या वस्तीत त्यांना माणूस म्हणून वागवत नव्हते. १९६७ मध्ये मुहम्मद अलीने सैन्यात जायला नकार दिला, जगज्जेतेपद गमावलं, तो याच कारणाने. पंचवीस वर्षांच्या स्वातंत्र्यानंतरही गावच्या विहिरीवर चढू न दिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणून ते नाव तिथं शोभेसाठी आलेलं वाटत नाही.

मी तेव्हा शाळेत होते, सांगलीकडे. रेडिओवर सायगाव, हनोई ही नावं रोज यायची. वडील हळहळायचे, “काय ही हिंसा!” म्हणायचे. आणि त्याच घरात परसदारी झाडायला येणाऱ्या बाईच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जाई. तेही गाळलेलं पाणी बरं का. गाळण्यातले जीव मरू नयेत म्हणून ते परत विहिरीत सोडणारे आम्ही! ते पाणी मीही ओतलंय. व्हिएतनामची हळहळ सोपी होती, परसदार अवघड होतं.

पण हाच हिशेब जाहीरनाम्यालाही लावायला हवा. दलित कोण, याची त्यातली व्याख्या फार मोठ्या मनाची आहे. अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, आणि स्त्रिया. ‘स्त्रिया’ हा शब्द वाचताना आमच्यातल्या दोघींनी माना वर केल्या. मी पुढं वाचत गेले, ही बाई आता बोलेल म्हणून. ती काही बोलत नाही. यादीत नाव घातलं आणि काम झालं.

बायका तेव्हा गप्प होत्या म्हणावं, तर तसंही नाही. १९७२ मध्येच मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या बरोबरीनं मुंबईच्या हजारो गृहिणी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर होत्या. आणि त्याच वर्षीच्या पंधरा ऑगस्टला ‘साधना’त राजा ढाले यांचा तो गाजलेला लेख आला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला केवढी शिक्षा आणि दलित बाईच्या अब्रूवर हात टाकणाऱ्याला केवढी, असा त्यातला सवाल. सवाल बिनतोड होता. गदारोळ मात्र झेंड्यावरून झाला. ज्या बाईवरून लेख पेटला, ती त्या गदारोळात कुठं गेली ते कुणी विचारलं नाही.

उत्तर आलं ते १९८४ मध्ये, आणि तेही घरातून. मलिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’. शाहीर अमर शेखांची लेक, नामदेव ढसाळांची बायको. त्या संसारातली मारहाण, आजार, पैशाची ओढाताण, मुलासाठीची तगमग, सगळं तिनं लिहिलं. ‘गोलपिठा’ची मी चाहती आहे, आजही. अशी कविता मराठीत आधी नव्हती. म्हणून हे पुस्तक वाचताना मला आतून त्रास झाला. दोनदा मिटून ठेवलं. काहीजण म्हणतात, अशानं चळवळीची बदनामी होते. मला हे पटत नाही. अमेरिकेतही १९७४ मध्ये ब्लॅक पँथरचं नेतृत्व एलेन ब्राउन या बाईकडे आलं, आणि पुढं तिनंही आपल्या आठवणींत संघटनेतल्या पुरुषांविषयी हातचं राखलं नाही. दोघींपैकी कुणी शत्रूच्या गोटातून लिहिलेलं नाही. जाहीरनाम्यानं जो एक शब्द लिहून सोडून दिला होता, त्याचा पुढचा मजकूर मलिकाबाईंनी लिहिला, असं मी मानते. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवूनच वाचावीत.

मंडळाच्या कपाटासाठी मी दोन्ही मागवायची सूचना मांडली. जाहीरनाम्याला कुणाची हरकत नव्हती. मलिकाबाईंचं नाव आलं तशा आमच्या एक काकू म्हणाल्या, “घरातलं असं चव्हाट्यावर मांडलेलं पुस्तक सुनांच्या हाती कशाला?” त्यांची सून शेजारीच चहाचे कप गोळा करत होती. ती म्हणाली, “काकू, माझं वाचून झालंय.”