वसंतातील रानफुले आणि आपली पुस्तके

‘वसंत ऋतूत रानोमाळ रंगीबेरंगी फुले फुलतात’ या अर्थाचे एखादे वाक्य ऋतूंवरच्या पाठांत, तक्त्यांत आणि निबंधमालांत हमखास सापडते. सोबतच्या चित्रात हिरवळ असते आणि त्या हिरवळीत पिवळी-निळी फुले डोकावत असतात. हे चित्र मार्च महिन्यात कल्याण-कसारा मार्गावरच्या खडवली स्थानकावर उतरून पडताळून पाहिले तर काय आढळते? भाताच्या खाचरांना भेगा पडलेल्या असतात. बांधावरचे गवत वाळलेले, कुठे जळलेले असते. खाचरात गोरखमुंडीचे जांभळे गोंडे आणि रस्त्याकडेला पिवळा धोतरा दिसतो. धोतरा तर मूळचा अमेरिकेतला. जमिनीवरचा वसंत बहुतेक एवढ्यावरच आटोपतो.

मान वर केली की चित्र पालटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर ही झाडे पाने टाकून फुललेली असतात. पुढे आसनगावला उतरून माहुलीची पायवाट धरली, तर धायटीची लाल झुडपे सोबतीला येतात. आपल्याकडे वसंत असतो, पण तो झाडाझुडपांवर असतो.

ही गोष्ट शिक्षकांच्या दृष्टीने किरकोळ नाही. एका शाळेतील सहावीच्या मुलीची निरीक्षणवही आम्ही पाहिली आहे. ‘मार्चमध्ये जमिनीवर फुले जवळजवळ नाहीत, झाडांवर आहेत,’ असे तिने लिहिले होते. त्यावर लाल शाईची फुली होती आणि शेजारी पाठातले वाक्य लिहून दिलेले होते. शिक्षकांना दोष देऊन उपयोग नाही, कारण त्यांच्या हाती दुसरा आधार नव्हता. पण आधार म्हणून जी पुस्तके दिली जातात, ती या परीक्षेला कितपत उतरतात, हे पाहिले पाहिजे.

पाठातले ते चित्र आले कोठून? आपल्या जुन्या साहित्यातून ते आलेले नाही. कालिदासाच्या ऋतुसंहारात वर्णनाला सुरुवात ग्रीष्मापासून होते, वसंत शेवटी येतो आणि त्यात आंबा, पळस, अशोक ही झाडेच पुढे असतात. हिरवळीतली फुले थंड प्रदेशातली आहेत. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या पानझडी अरण्यांत हिवाळा संपताना जमीन उबदार होऊ लागते, पण झाडांना पालवी फुटलेली नसते. त्यामुळे काही आठवडे अरण्याच्या तळापर्यंत भरपूर ऊन पोचते. जमिनीखाली कंद किंवा मूलक्षोड राखून असलेल्या लहान वनस्पती एवढ्या अवधीत फुलतात. झाडांची सावली दाटली की त्यांतल्या पुष्कळशा पुन्हा जमिनीखाली नाहीशा होतात. तेथे उणीव असते ती उबेची आणि उन्हाची.

ठाणे जिल्ह्यात मार्चमध्ये या दोन्ही गोष्टी उदंड असतात. उणीव असते पाण्याची. वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यानंतर जमिनीचा वरचा थर वाळत जातो आणि वीतभर मुळांच्या वनस्पतींचा निभाव लागत नाही. झाडांची मुळे खोल असतात, शिवाय सावरीसारख्या झाडांच्या खोडातही पाण्याचा साठा असतो. पाने गळली की बाष्पोच्छ्वास कमी होतो, वाचलेले पाणी फांद्यांच्या टोकांपर्यंत पोचते आणि कळ्या उमलू शकतात. पानांचा आडपडदा नसल्याने पक्ष्यांना फुले लांबून दिसतात. शिवाय या झाडांच्या बिया पावसाच्या सुमारास रुजायला तयार होतात.

मग त्या थंड प्रदेशातल्या वसंतफुलांसारखे आपल्याकडे काहीच नाही काय? आहे, आणि ते कल्याण, टिटवाळा, खडवलीच्या बाजारात जुड्या बांधून विकायला येते. मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला ठाकूर, कातकरी बायका शेवळे घेऊन बसतात. पुष्कळांना हा एखादा कोंब वाटतो. शास्त्रीय भाषेत तो अमॉर्फोफॅलस कम्युटेटस या सुरणाच्या नातेवाईकाचा न उमललेला पुष्पक्रम आहे. बाहेरचे आवरण म्हणजे महाछद. आतला दांडा म्हणजे स्थूलकणिश. त्याच्या तळाशी सूक्ष्म मादीफुले, त्यांच्यावर नरफुले आणि टोकाला लांब वांझ भाग. भाजी करताना आतला पिवळा भाग काढून टाकतात, तो नरफुलांचा पट्टा. उरलेल्या भागात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि त्यांनी घसा खाजतो, म्हणून काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालून भाजी शिजवतात. जीवशास्त्राचा याहून स्वस्त प्रयोग शाळेला मिळणार नाही: एक जुडी, एक ब्लेड आणि एक भिंग. (कापल्यावर हात धुवायला मात्र विसरू नये.)

शेवळाला पान येते ते फुलल्यानंतर, पाऊस लागल्यावर. म्हणजे फुलण्याचा खर्च गेल्या वर्षीच्या कंदातल्या शिलकीतून होतो. मग चार महिने ते एकच छत्रीसारखे पान पुढच्या वर्षाची शिल्लक भरत राहते. थंड प्रदेशातल्या वसंतफुलांची रीत याच जातीची आहे. तेथे ऊब येते, येथे ओल येते, एवढाच फरक. पहिल्या पावसाबरोबर काळ्या मुसळीची सहा पाकळ्यांची पिवळी फुले जमिनीलगत उघडतात आणि तिच्या मागोमाग इतर कंदवर्गीय वनस्पती येतात. जुलै-ऑगस्टमध्ये कुंपणांवर कळलावी चढते आणि मग तेरड्याचा बहर येतो. सह्याद्रीतील भूमीवरच्या रानफुलांचा ‘वसंत’ शोधायचा तर तो येथे, मृगापासून पुढे शोधावा.

आता पुस्तकांकडे वळू. थिओडोर कुक यांचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. कुक मूळचे अभियंता. रेल्वेच्या वसईच्या पुलाच्या कामावर ते होते, पुढे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि निवृत्तीनंतर त्यांनी इंग्लंडमध्ये क्यू येथे बसून हा ग्रंथ सिद्ध केला. वनस्पती कोठे व कोणी गोळा केली याची त्यांतली नोंद इतकी काटेकोर आहे, की स्टॉक्स, लॉ यांच्याबरोबर भिवा, कानिटकर ही नावेही तीत टिकून राहिली आहेत. अचूकपणात या ग्रंथाला आजही तोड नाही. पण शिक्षकाने तो वसंताच्या प्रश्नासाठी उघडला, तर हाती थोडेच लागते. फुलण्याचे महिने दिले असले, तरी ते सिंधपासून कानडापर्यंत पसरलेल्या इलाख्यासाठी आहेत. शिवाय वाळवलेला नमुना हा वनस्पतीच्या वर्षातल्या एका दिवसाचा असतो. आधी काय होते आणि नंतर काय आले, हे तो सांगत नाही. फादर सांतापाव यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा १९५३ सालचा ग्रंथ या बाबतीत उजवा आहे. एकाच परिसरात वारंवार हिंडून केलेल्या निरीक्षणांचा त्याला आधार आहे. मात्र दोन्ही ग्रंथ इंग्रजीत, आणि तज्ज्ञांसाठी.

दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) दुसऱ्या टोकाला आहे. त्यात वर्गीकरण नाही, तक्ते नाहीत. चैत्रापासून महिन्यामहिन्याने पाहत जाणे आहे. आमच्या मते शालेय ऋतुपाठांपेक्षा हे ललित पुस्तक विज्ञानाला अधिक जवळचे आहे, कारण त्यातला महिना आधी पाहिला आहे आणि मग लिहिला आहे. कारणमीमांसा त्यात शोधू नये. ती त्या पुस्तकाने देऊ केलेली नाही.

श्रीकांत इंगळहळीकर यांचे ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ (२००१) आल्यापासून गडावर जाणाऱ्या सामान्य माणसाच्या हाती पाचशे वनस्पतींची छायाचित्रे आली. हे मोठेच काम झाले. आमची तक्रार आहे ती पाकळीच्या रंगानुसार पाने लावणाऱ्या असंख्य लहान पुस्तिकांबद्दल. त्यांत फुलाचा जवळून घेतलेला देखणा फोटो असतो, खाली नाव आणि दोन महिने. पाने फुलाआधी येतात की नंतर, जमिनीखाली कंद आहे की ही वनस्पती वर्षायू आहे, ती खडकावर उगवते की खाचरात, हे बहुधा नसते. जांभळ्या पानावर तेरडा आणि गोरखमुंडी शेजारी येतात. एक भर पावसातला, दुसरी कापणीनंतरच्या ओलीवर जगणारी. रंगाने त्यांना एकत्र आणले आणि जो भेद विद्यार्थ्याला शिकवायला हवा होता तोच पुसला गेला. ओळख पटवण्याची सोय म्हणून रंग ठीक आहे; पुस्तकाची मांडणी त्यावर बेतली, की ‘नाव कळले, काम झाले’ अशी सवय लागते.

अशी पुस्तिका शाळेसाठी कोणी करणार असेल, तर ती ओलीच्या क्रमाने लावावी, असे आम्ही सुचवू. पावसाआधी, पहिल्या पावसात, भर पावसात, पाऊस सरताना, ओल असेपर्यंत आणि शेवटी कोरड्या जमिनीवरच्या झाडांवर. खडवलीच्या परिसरातल्या पन्नास वनस्पती यासाठी पुरेशा होतील. नावे प्रमाण मराठीबरोबर बाजारातल्या बायका वापरतात तीही द्यावीत.

शाळेच्या वेळापत्रकाची अडचण आहेच. सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात. तेव्हा पावसाळी फुले संपलेली असतात आणि पळस अजून कळीवर आलेला नसतो. शाळा उघडतात जूनच्या मध्यावर, म्हणजे काळी मुसळी फुलण्याच्या सुमारास. पण तो महिना प्रवेश आणि वह्यापुस्तकांत जातो. त्या पंधरवड्यात शाळेमागच्या माळावर एक तास काढला तरी चालेल. कंद उपटू नयेत, जागेवरच खूण करून दर आठवड्याला पाहावे. आणि विद्यार्थ्यांना नदीकाठी नेऊ नये: खडवलीला भातसेचे पात्र पावसाळ्यात धोक्याचे असते, आणि या कामासाठी माळ नि बांध पुरतात.