‘चंद्रकांता’ मालिका : दास्तानचा वारसा आणि अय्यारीचे बदललेले रूप

नीरजा गुलेरी दिग्दर्शित ‘चंद्रकांता’ ही मालिका दूरदर्शनवर १९९४ मध्ये सुरू झाली. नौगढ, विजयगढ आणि चुनार या राजघराण्यांचे वैर हा तिचा विषय. ग्वाल्हेरच्या प्रेक्षकाला तीत एक ओळखीचा चेहरा दिसतो. वीरेंद्रसिंह झालेले शाहबाज खान यांनीच ‘द ग्रेट मराठा’ मालिकेत महादजी शिंदे साकारले. महादजींच्या कारभारात मराठी व फारसी शेजारी नांदत होत्या. म्हणूनच तिलिस्म, अय्यार, कमंद हे शब्द या शहराला परके वाटू नयेत.

मालिकेचा आधार असलेली देवकीनंदन खत्री यांची कादंबरी १८८८ ची. तत्पूर्वी, १८८३ पासून, लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ या उर्दू दास्तानचे खंड निघू लागले होते. दास्तानमधील अमर अय्यारजवळ जंबील असते. या झोळीत सारे जग मावते. खत्रींच्या तेजसिंहाजवळ साधा बटुआ आहे. त्यात बेशुद्ध करण्याची भुकटी आणि शुद्धीवर आणणारा लखलखा. चकिया-नौगढच्या जंगलांचा ठेका घेतलेल्या खत्रींनी पडके किल्ले जवळून पाहिले होते. त्यांच्या तिलिस्मामागे जादू नसून कळ, यंत्र व कारागिरी आहे. दास्तानमधील अद्भुताला त्यांनी बुद्धीच्या कक्षेत आणले, हे त्यांचे खरे कार्य होय.

मालिकेने नेमकी उलट वाट धरली. क्रूरसिंहाच्या भूमिकेतील अखिलेंद्र मिश्र यांचा ‘यक्कू’ लोकांच्या तोंडी बसला. वेशभूषाही लक्षात राहिली. परंतु कथेतील पेच बहुधा चमत्काराने किंवा तलवारीने सुटतो, युक्तीने क्वचितच. कादंबरीत अय्याराला ठार न मारता कैद करण्याचा दंडक आहे. शत्रूच्या विद्येचाही मान राखणारा हा संकेत पडद्यावर फिका पडतो आणि उरते ते केवळ सूडाचे नाट्य.

मूळ कृतीही निर्दोष नाही. क्रूरसिंहाच्या पदरचे कपटी अय्यार नाझिम व अहमद या नावांचे आहेत. दास्तानकडून विद्या घ्यायची आणि तिचा दुरुपयोग करणाऱ्यांना मुस्लिम नावे द्यायची, ही विसंगती नोंदवलीच पाहिजे. तरीही नाझिमची विद्या आणि तेजसिंहाची विद्या एकच आहे, तिची परिभाषाही एकच आहे. कथानकाने केलेली विभागणी भाषेने मान्य केलेली नाही.

‘चंद्रकांता’ वाचण्यासाठी अनेकांनी नागरी लिपी शिकली असे हिंदी साहित्याचे इतिहासकार आवर्जून सांगतात. त्या लिपीतून उर्दू दास्तानचे शब्दवैभव घरोघरी गेले, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते. जंबील व बटुआ हे दोन उतारे शेजारी ठेवून शिकवले, तर एका परंपरेचा दोन लिपींतील प्रवास विद्यार्थ्यांना स्वतःच उमगेल. मालिकेने गमावलेली गोष्टही त्यांना तेथेच सापडेल.