भरताच्या सांत्वनाचे गीत : स्वर आणि सिद्धान्त

'गीतरामायणा'त भरताचे सांत्वन करताना राम जे गीत गातो, ते आम्हांस आवडते, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल सुधीर फडके यांची. ५६ गीतांची ही माला पुणे आकाशवाणीने १९५५-५६ मध्ये प्रक्षेपित केली. त्याच १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतील दुसरी राम व कृष्ण यांना देव न मानण्याची आहे. मग धम्मानुयायाने हे गीत ऐकावे काय?

आमच्या मते प्रश्न रामाच्या नावाचा नाही. देव न मानताही एखाद्या पात्राचे गाणे ऐकता येते. आक्षेप आहे तो सिद्धान्तास : घडले ते विधिलिखित, त्यास कोणीच उत्तरदायी नाही, मनुष्याच्या हाती काही नाही. अंगुत्तरनिकायातील तित्थसुत्तात भगवंतांनी नेमके हेच खोडून काढले आहे. सर्व सुखदुःख पूर्वकर्माने, ईश्वराने किंवा अकारण घडते असे मानल्यास हिंसा करणाराही निरुपायाने हिंसक ठरतो आणि 'हे करावे, हे करू नये' या प्रयत्नास जागाच उरत नाही. कैकेयीला दोषमुक्त करणारे औदार्य रामास शोभत असेल. पण ज्यांचे पाणवठे बंद केले गेले, त्यांना हेच ऐकविणे म्हणजे बंद करणाऱ्यांची सुटका होय. चवदार तळ्याचे पाणी दैवाने अडविले नव्हते. म्हणूनच १९२७ साली त्यासाठी सत्याग्रह करता आला.

गीताचा दुसरा अंश मात्र आम्हांस परका नाही. संयोगाचा वियोग, सागरात क्षणभर भेटणारे ओंडके, ही अनित्यताच आहे. दशरथ जातकातही पित्याच्या मृत्यूची वार्ता आणणाऱ्या भरताला रामपंडित अनित्यताच समजावतो. पिकल्या फळाच्या पतनाची उपमा जातकात आहे, तशी वाल्मीकीतही आहे. परंतु तो तेथून दैवाकडे वळत नाही. आपण दान देऊ, आप्तांचे पोषण करू, इतरांचे रक्षण करू, जाणत्याचे कर्तव्य हेच, असे तो म्हणतो. अनित्यतेतून कर्तव्य निघते. पारतंत्र्य निघत नाही. माडगूळकरांच्या रचनेत हाच सांधा निखळला आहे.

आता स्वराविषयी. सक्कपञ्हसुत्तात पंचशिख गंधर्व वीणेवर चक्क प्रेमगीत गातो, आणि भगवान तंतूंचा व कंठाचा मेळ जुळल्याची प्रशंसा करतात. सूर त्यांना वर्ज्य नव्हता. तथापि लांबविलेल्या गेय स्वरात धम्म म्हणण्याचे पाच दोषही त्यांनीच सांगितले. त्यांत गाणाऱ्याची व ऐकणाऱ्याची स्वरासक्ती येते. फडके यांची चाल अनित्यतेच्या कडव्यांना जी शांतता देते, तीच दैववादी ध्रुवपदासही देते. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद परतते आणि जणू त्या कडव्याचा निष्कर्षच असल्यासारखे कानी पडते. तर्काची उणीव सुराने भरून निघते, आणि तीही इतकी बेमालूम, की फडके यांना दाद द्यावीच लागते!

घरी हे गीत ऐकण्यास आमची हरकत नाही; आम्हीही ऐकतो. पुण्यानुमोदनाच्या प्रसंगी मात्र ते लावू नये. शोकाकुल मन त्या वेळी पारख करीत नाही, कानी पडेल ते मानून घेते.