श्रमाचा स्थायीभाव : ‘सेन्को-सान’मधील हास्य आणि अद्भुत

भरताने नाट्यशास्त्रात जे तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत, त्यांत ‘श्रम’ आहे. त्याच्या जवळपासचे ‘ग्लानी’, ‘आलस्य’, ‘दैन्य’ आणि ‘निद्रा’ हेही आहेत. या मांडणीमागे एक गृहीत आहे : थकवा येतो आणि जातो. लांबची वाट चालून आलेला माणूस अंग चोळतो, सुस्कारा टाकतो, विसावतो. आणि त्याच्या ठिकाणचा मुख्य भाव, मग तो रती असो वा उत्साह, पुन्हा वर येतो. श्रमाला स्वतःचा रस नाही, कारण त्याला स्वतःचे स्थैर्य नाही. आधुनिक कचेरीत राबणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे गृहीत टिकते काय? जो थकवा रात्रीच्या झोपेने जात नाही, सुटीच्या दिवशीही उतरत नाही आणि ज्याच्या पार्श्वभूमीवर इतर सारे भाव क्षणभर चमकून विझतात, त्याला व्यभिचारी म्हणावयाचे की स्थायी?

हा प्रश्न येथे एका अतिशय हलक्याफुलक्या कृतीच्या निमित्ताने उपस्थित केला आहे. ‘सेवायाकी कित्सुने नो सेन्को-सान’ ही जपानी ॲनिमे मालिका रिमुकोरो या चित्रकथाकाराच्या मांगावर आधारलेली. दोगा कोबो या निर्मितिगृहाने तोमोआकी कोशिदा यांच्या दिग्दर्शनाखाली तिचे बारा भाग केले आणि ते १० एप्रिल ते २६ जून २०१९ या काळात प्रसारित झाले. ‘सेवायाकी’ म्हणजे दुसऱ्याची काळजी वाहण्यात रमणारा. या शब्दातील ‘सेवा’ आणि आपली ‘सेवा’ यांचे ध्वनिसाम्य केवळ योगायोगाचे आहे. पण मराठी वाचकाच्या कानाला तो योगायोग पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

कथानक म्हणावे असे फारसे नाही. कुरोतो नाकानो हा एकटा राहणारा कंपनीतील नोकरदार. रोज रात्री उशिरा, पाय ओढत, अंधाऱ्या खोलीकडे परतणारा. एका रात्री खोलीत दिवा लागलेला असतो, स्वयंपाकाचा वास येत असतो आणि चुलीपाशी कोल्ह्याचे कान व शेपटी असलेली एक लहानखुरी मुलगी उभी असते. ही सेन्को, वय वर्षे आठशे, देवाची दूत असलेली कोल्हीण. नाकानोच्या भोवती साचलेला ‘अंधार’ तिला दिसला आहे आणि तो निवारण्यासाठी ती आली आहे. हा अंधार एका दिवसात जाण्यासारखा नसल्यामुळे ती तेथेच राहते. ती रांधते, झाडलोट करते, त्याचे डोके मांडीवर घेऊन कान कोरून देते, झोपवते. सकाळी तो पुन्हा कामाला जातो.

या कृतीचा काळ नीट पाहिला पाहिजे. जपानमध्ये अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला ‘कारोशी’ हा शब्द १९७०च्या दशकाच्या अखेरीस आला. कंपनीसाठी जनावराप्रमाणे राबणाऱ्याला ‘शाचिकु’ म्हणजे कंपनीचे ढोर म्हणण्याची रीत १९९०च्या सुमारास पडली. आपल्याकडचा घाण्याचा बैल तो हाच. कारोशी रोखण्यासाठीचा कायदा २०१४ साली झाला आणि जादा कामाच्या तासांवर दंडासह मर्यादा घालणारा कायदा २०१८ साली. हा दुसरा कायदा मोठ्या कंपन्यांना १ एप्रिल २०१९ रोजी लागू झाला. म्हणजे कायदा आणि कोल्हीण एकाच महिन्यात, अवघ्या नऊ दिवसांच्या अंतराने, थकलेल्या नोकरदाराच्या दारी आली. कायद्याने सर्वसाधारण मर्यादा महिन्याला ४५ तासांची ठेवली. परंतु विशेष परिस्थितीत एका महिन्यात १०० तासांच्या आत आणि दोन ते सहा महिन्यांच्या सरासरीने ८० तासांपर्यंत जादा काम करून घेण्यास मुभा दिली. मृत्यू अतिश्रमाने झाला किंवा कसे हे ठरविताना शासन जे आकडे प्रमाण मानते, ते जवळपास हेच. जेथे मरणाची रेषा, तेथेच मुभेची रेषा. या रेषेच्या अलीकडे माणसाला कसे जगवत ठेवावयाचे, हा प्रश्न कायद्याने मोकळा सोडला. मालिकेचे उत्तर आहे : घरी कोणीतरी हवे.

म्हणूनच या मालिकेतील अद्भुताचे स्थान चुकीच्या जागी शोधले जाण्याचा संभव आहे. कान, शेपटी आणि आठशे वर्षांचे आयुष्य ही अद्भुताची केवळ वेशभूषा होय. नाकानो त्यांचा स्वीकार फार लवकर करतो. त्याच्या डोळ्यांत पाणी येते ते ऊन जेवणामुळे. भरताने अद्भुताची उत्पत्ती वीरापासून सांगितली आहे. असामान्य कर्म पाहून विस्मय उपजतो, हा त्याचा आशय. येथे कोणाचेही कर्म असामान्य नाही. भात शिजला आहे, अंथरूण घातलेले आहे, कोणीतरी वाट पाहिली आहे. इतक्या साध्या गोष्टी विस्मयाचा विषय होतात, याचा अर्थ ज्या जगात त्या घडत आहेत ते जगच दरिद्री झाले आहे. कचेरी या मालिकेत फारशी दिसत नाही आणि तिचे चित्रण नसणे हेच तिचे प्रभावी चित्रण होय. घरात जे जे चमत्कारासारखे वाटते, त्या प्रत्येकातून ती आपल्याला कळत राहते.

हास्याची घडणही याच दिशेने तपासता येते. हास्य शृंगारातून निपजते, हे भरताचेच म्हणणे. शृंगाराची अनुकृती बिघडली की हसू येते. ‘सेन्को-सान’मधील विनोदाचा मोठा भाग अशा बिघडविलेल्या अनुकृतीचा आहे. एकट्या पुरुषाच्या घरी रात्री परकी स्त्री, हा प्रसंग शृंगाराचा. पण त्या पुरुषाला ओढ लागते ती तिच्या मऊ शेपटीची, आणि तो ती कुरवाळण्याची परवानगी मागतो. शेजारीण कोएन्जी हिला तर सेन्को ही नटूनथटून आलेली हौशी वेषधारी वाटते. सेन्को दिसते बालिकेसारखी, परंतु बोलते जुन्या वळणाच्या आजीबाईसारखी. स्वतःचा उल्लेख जुनाट थोरपणाच्या सर्वनामाने करते आणि वाक्यावाक्याला पुरातन क्रियापदरूप जोडते. या विसंगतीतून विनोद होतो, हे खरे. त्याचबरोबर तिच्यातून एक सोयही साधली जाते. आई, आजी, पत्नी, मोलकरीण आणि लेक ही पाचही नाती या एका आकृतीत एकत्र केली आहेत. आणि त्यांतील कोणतेच नाते पुरते प्रस्थापित होत नाही. परिणामी कोणत्याच नात्याचे देणे नाकानोवर लागत नाही. पत्नी हिशेब मागू शकते, आईला म्हातारपण येते, मोलकरणीला पगार द्यावा लागतो, लेकीला वाढवावे लागते. सेन्को यांपैकी काहीच मागत नाही. तिच्या बालरूपाविषयी प्रेक्षकाला वाटणारी अस्वस्थता रास्त आहे; पण ती अस्वस्थता केवळ अभिरुचीच्या पातळीवर थांबविणे अपुरे ठरेल. ऋणमुक्त सेवेची कल्पना मूर्त करावयाची तर अशीच विचित्र, कोणत्याही मानवी वयात न बसणारी आकृती कल्पावी लागते.

या आकृतीमागे जपानी लोककथांची दीर्घ परंपरा उभी आहे. माणसाच्या घरी स्त्रीरूपाने येणाऱ्या प्राण्यांच्या कथांत कोल्हीण आणि क्रौंचवर्गीय ‘त्सुरु’ पक्षीण या दोघी प्रमुख. कोल्हीण कुझुनोहा ही १७३४ साली रंगभूमीवर आलेल्या बाहुलीनाट्यामुळे सर्वपरिचित झाली. खरे रूप उघड होताच ती पती आणि मूल सोडून अरण्यात परतते. पक्षिणीची कथा आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. ती बंद दाराआड वस्त्र विणते आणि आत पाहू नये अशी अट घालते. अट मोडली जाते, तेव्हा दिसते ते असे की ती आपलीच पिसे उपटून विणत होती. किनोशिता जुंजी यांनी १९४९च्या ‘युझुरु’ या नाटकात याच कथेत पैसा आणला : वस्त्राला भाव येतो आणि अधिक वस्त्रांची मागणी होऊ लागते. या कथेतील निषेध वरवर पाहता प्राणिरूपाविषयीचा आहे. वस्तुतः जे पाहावयाचे नाही, ते तिचे श्रम आहेत. घरात येणारी समृद्धी कोणाच्या अंगावरच्या पिसांतून विणली जाते, हे कळले की त्या घरात पूर्ववत राहता येत नाही.

‘सेन्को-सान’मध्ये बंद दार नाही. कोल्हीण पहिल्याच रात्री आपले रूप उघड करते आणि तिचे सर्व काम आपल्यासमोर, रंगांच्या उबदार प्रकाशात चालते. तरीही ते श्रम म्हणून दिसत नाही. आपल्याला सेवेतच आनंद आहे असे ती वारंवार सांगते आणि नाकानोने परतफेडीचा विचार बोलून दाखविला तरी तोही त्या आनंदातच विरघळतो. जुन्या कथेत श्रम झाकण्यासाठी दार लागे. नव्या कथेत ते काम सेविकेचे हसू करते. हा बदल लक्षणीय आहे. दार उघडता येते. हसू उघडून त्यामागे पाहण्याची सोय कथानकाने ठेवलेली नाही, आणि म्हणून या कथेत वियोगाची करुण शक्यताही क्षीण होते. दोन थकवे या घरात नांदू शकले असते. कथेने त्यांपैकी एकालाच नाव दिले.

दैवत थकलेल्याच्या घरी येऊन घरकाम करते, ही कल्पना मराठी वाचकाला मुळीच परकी नाही. जनाबाईच्या नावावरील अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, शेण्या वेचतो. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन बारा वर्षे पाणी वाहतो. साम्य स्पष्ट आहे आणि त्यामुळेच भेद अधिक नेमका दिसतो. जनाबाई ही स्वतः दासी. देव तिच्या जात्याचा दुसरा हात धरतो, म्हणजे ज्या कामाने ती थकते त्याच कामात वाटा उचलतो, आणि त्यामुळे ते हलके गणलेले काम प्रतिष्ठा पावते. सेन्को नाकानोच्या कचेरीतील कामाचा भार वाटून घेत नाही. त्या कामाने झालेली झीज रात्री भरून काढते. तिच्या सेवेचा अंतिम लाभ सकाळी नऊ वाजता कंपनीच्या पदरात पडतो. यातील उपरोध जपानी प्रेक्षकाला जाणवण्यासारखा आहे, कारण कोल्हे हे ज्या इनारी देवतेचे दूत, ती मुळात धान्याची आणि पुढे व्यापारउदिमाचीही देवता. क्योतोच्या फुशिमी इनारी येथील हजारो शेंदरी तोरणांत उद्योगसंस्थांनी भरभराटीसाठी अर्पण केलेली तोरणे पुष्कळ आहेत.

एवढ्यावरून ही मालिका लबाड आहे असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. तिच्याशेजारी ‘अग्रेत्सुको’ ठेवून पाहावी. २०१८ ते २०२३ या काळात पाच पर्वांतून आलेल्या या मालिकेतील रेत्सुको ही लाल पांडा हिशेबखात्यात काम करते आणि दिवसभराचा संताप रात्री कराओकेच्या खोलीत डेथ मेटलच्या आरोळ्यांतून बाहेर टाकते. येथे कचेरी ठळक आहे, वरिष्ठ डुकराच्या रूपात समोर आहे आणि क्रोधाला नाव आहे. म्हणून ही कृती अधिक प्रखर ठरते. पण बंद खोलीत झालेले विरेचनही दुसऱ्या दिवशीच्या हजेरीचीच तयारी करते. संताप आणि सांत्वन यांचे मार्ग भिन्न, पोहोचण्याचे ठिकाण एक. फरक असा की रेत्सुकोजवळ अजून ओरडण्याचे त्राण आहे. नाकानोजवळ तेही उरलेले नाही. क्रोध हा रौद्राचा स्थायीभाव असला तरी श्रम स्थायी झालेल्या चित्तात तो रुजत नाही, ही गोष्ट ‘सेन्को-सान’ अधिक प्रामाणिकपणे नोंदविते.

हा प्रामाणिकपणा मालिकेच्या उपदेशात नसून तिच्या रूपबंधात आहे. नाट्यमय संघर्ष, आरोह, परिणती ही कथनाची नेहमीची अंगे येथे जवळजवळ नाहीत. प्रत्येक भागात माणूस थकून येतो, निवतो, पुन्हा जातो. अंधार रोज पुसावा लागतो, कारण तो रोज भरतो. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जपानी लोकप्रिय संस्कृतीत ‘इयाशी’ म्हणजे मनाला निववणे हा एक स्वतंत्र मूल्यशब्द झाला आणि अशा कृतींचा एक प्रकारच निर्माण झाला. या प्रकारातील आवर्तनाला समीक्षक कंटाळवाणे म्हणतात. परंतु ज्याला कथानकच उरलेले नाही अशा आयुष्याचे यथार्थ रूप आवर्तनाशिवाय दुसरे कोणते असणार? भागांच्या अखेरीस तर सेन्को थेट प्रेक्षकाकडे वळून त्याचीच विचारपूस करते. नाकानो बाजूला होतो आणि त्याच्या जागी पडद्यासमोरचा माणूस येतो. रसचर्चेच्या भाषेत बोलावयाचे तर येथे साधारणीकरणाला वावच ठेवलेला नाही. प्रेक्षक दुसऱ्याच्या श्रमाचा आस्वाद घेत नाही, तो स्वतःच्याच श्रमासह तेथे बसलेला असतो. कलाकृतीने आस्वादकाला असे पात्र करून घेणे हा कलेच्या दृष्टीने दोष मानता येईल. समाजाच्या दृष्टीने तो पुरावा आहे.

सांत्वन हे क्षुद्र मूल्य नव्हे. रात्री साडेअकरा वाजता घरी परतलेल्या माणसाला क्रांतीची संहिता वाचावयास सांगणारी समीक्षा त्याच्या थकव्याविषयी काहीच जाणत नाही. परंतु सांत्वन कोणाच्या हातून येते, हे विचारण्याचे काम समीक्षेने सोडता कामा नये. नाकानोचा अंधार सेन्कोला दिसतो. सेन्कोभोवती काय साचते, ते पाहणारा डोळा या मालिकेने निर्माण केलेला नाही. आणि ज्या घरांत कोल्हीण येत नाही, तेथे तीच कामे जी माणसे, बहुधा स्त्रिया, करतात, त्यांना आठशे वर्षांचे आयुष्य लाभलेले नसते.