तीन गोलांची वंशावळ

मोहन बागान १, मुंबई सिटी ३. ४ मे २०२४ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर इंडियन सुपर लीगची अंतिम लढत या आकड्यांवर संपली. दिवस आयपीएलचे होते. झहीर खान आणि अजिंक्य रहाणे ज्या जिल्ह्याचे, त्या आमच्या नगरमध्ये (आता अहिल्यानगर म्हणायचं) त्या रात्री टीव्हीवर काय चालू असणार, हे सांगायला नको. पण लष्करी छावणीच्या या गावाला फुटबॉल अगदीच परका नाही. तो सामना ज्यांनी पाहिला, त्यांनी तो पुन्हा एकदा सावकाश पाहावा, असं मला वाटतं. कविता दुसऱ्यांदा वाचताना जसं 'काय' कळलेलं असतं आणि आता 'कसं' पाहायचं असतं, तसं.

आधी संदर्भ. मुंबई सिटीचा प्रशिक्षक हंगामाच्या मध्येच निघून गेला होता, आणि त्याचं कारण मुंबईत नव्हतंच. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस इंग्लंडच्या ब्रिस्टल सिटीने आपला प्रशिक्षक काढला आणि नोव्हेंबरात ऑक्सफर्ड युनायटेडचा लियाम मॅनिंग उचलला. ऑक्सफर्डची जागा रिकामी झाली, तेव्हा त्यांना आपल्या गावचा मुलगा आठवला. तो म्हणजे डेस बकिंगहॅम, मुंबई सिटीला २०२२-२३ची लीग शील्ड (साखळीत अव्वल ठरणाऱ्याचा मान) जिंकून देणारा. घरच्या क्लबचं बोलावणं कोण नाकारील? तो गेला. इथे सहायक अँथनी फर्नांडिसने काही दिवस गाडा ओढला आणि डिसेंबरात चेक प्रजासत्ताकाचा पेत्र क्रात्की आला. ब्रिस्टलमध्ये कुणाची तरी नोकरी गेली आणि अंधेरीच्या मैदानावर माणूस बदलला, असा हा मामला.

आमच्याकडे ही गोष्ट साखर कारखान्याच्या भाषेत लगेच समजते. बॉयलर पेटलाय, गव्हाणीत मोळ्या पडतायत, फडात ऊस तुटून पडलाय आणि नेमका तेव्हाच चीफ केमिस्ट बदलला. नवा माणूस कितीही हुशार असो, गाळप थांबवून सगळी यंत्रं उघडून बसण्याची चैन त्याला परवडत नाही. उतारा टिकवायचा आणि जमलं तर हळूच दशांशाने वाढवायचा.

क्रात्कीची एक सोय मात्र होती. मुंबई सिटीची मोठी मालकी २०१९पासून सिटी फुटबॉल ग्रुपकडे होती, म्हणजे मँचेस्टर सिटीवाल्यांकडे. त्यांचाच मेलबर्न सिटी हा ऑस्ट्रेलियातला संघ. बकिंगहॅम मुंबईत आला तो मेलबर्नच्या सहायक प्रशिक्षकाच्या खुर्चीवरून, आणि क्रात्की आला तोही तिथूनच. गोलरक्षकापासून छोटे पास देत चेंडू वर न्यायचा, विंगर रेषेला चिकटून ठेवायचे, ही पद्धत दोघांनी एकाच घरात पाहिलेली. त्यामुळे खेळाडूंना नवी लिपी शिकावी लागली नाही. फक्त हस्ताक्षर बदललं.

तरी सुरुवात खडतर होती. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये संघ गटातले सहाही सामने हरला होता. २० डिसेंबरला अंधेरीत मोहन बागानला २-१ने हरवलं खरं, पण खेळ चालू असताना आणि शेवटच्या शिट्टीनंतर मिळून सात लाल कार्डं निघाली, त्यातली चार मुंबईची. चारच दिवसांनी कोचीला अपुऱ्या संघाने केरला ब्लास्टर्सकडून ०-२ अशी हार खाल्ली. जानेवारीत संघाचा सगळ्यात कल्पक खेळाडू ग्रेग स्टुअर्ट स्कॉटलंडला परतला. नव्या प्रशिक्षकाला सवड मिळते ती अशी.

तिकडे मोहन बागानमध्येही खुर्ची हलली होती, आणि तिथली कथा जास्त नाट्यमय. डिसेंबर २०२१मध्ये त्यांनी अंतोनियो लोपेझ हबासला हंगामाच्या मध्येच बाजूला करून हुआन फेरांडोला आणलं होतं. जानेवारी २०२४मध्ये हंगामाच्या मध्येच फेरांडोला घालवून पुन्हा हबासला बसवलं. म्हणजे त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात समोरासमोर उभे होते ते दोन्ही संघ अर्ध्या वाटेवर सारथी बदललेले. हा योगायोग समालोचकांनी फारसा चघळला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

१५ एप्रिलला याच सॉल्ट लेकवर शील्डचा निकाल लागायचा होता. मुंबईला बरोबरी पुरेशी होती. संघ १-२ हरला. बागान ४८ गुण, मुंबई ४७. वर्षभराची मेहनत एका गुणाने गेली. त्यानंतर नऊ दिवसांनी, २४ एप्रिलला, मडगावच्या फातोर्ड्यावर उपांत्य फेरीचा पहिला सामना झाला आणि नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २-० पुढे होता.

इथे थांबून पाहण्यासारखं आहे. नव्वदाव्या मिनिटाला मुंबईच्या छांगतेने एक गोल फेडला. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंगने बरोबरी केली. भराव वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगते, ३-२. नुसती मिनिटं वाचली तर चमत्कार वाटतो. पण पहिल्या आणि दुसऱ्या गोलच्या मधलं ते एक मिनिट घ्या. गोल खाल्ल्यावर चेंडू मध्यरेषेवरून सुरू करायचा हक्क गोव्याचा. म्हणजे मुंबईला आधी तो हिसकावायचा होता, मग पुढे न्यायचा, मग जाळ्यात घालायचा. हे सगळं साठ-सत्तर सेकंदांत. गोंधळलेला संघ अशा वेळी लांब चेंडू मारतो आणि देवाचं नाव घेतो. सरावाचा हात लागलेला संघ गर्दीतही आपापल्या जागी उभा असतो. नऊ दिवसांपूर्वी ज्यांचं वर्ष एका गुणाने हुकलं, त्यांच्या पायांत हा शांतपणा कुठून आला? क्रात्कीने चार महिन्यांत सर्वात मोठं काम केलं असेल तर हेच, असं माझं मत आहे. परतीचा सामना मुंबईने २-० घेतला. त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

आता अंतिम सामना. साठ हजारांवर माणसं, बहुतेक सगळी हिरव्या-मरून रंगाची. मध्यंतराच्या तोंडावर, ४४व्या मिनिटाला, जेसन कमिंग्जने बागानला पुढे नेलं. एकोणीस दिवसांपूर्वीच्या जखमेवर मीठच. आणि मग दुसऱ्या सत्रात मुंबईचे तीन गोल. माझ्या दृष्टीने हे तीन गोल या संघाची वंशावळ आहे.

५३व्या मिनिटाला पहिला, होर्हे पेरेरा दियाझचा. हा अर्जेंटिनाचा आघाडीवीर २०२२मध्ये केरला ब्लास्टर्सकडून मुंबईत आला, म्हणजे बकिंगहॅमच्या राज्यात. शील्ड जिंकणाऱ्या संघाचा तो मोहरा होता. प्रशिक्षक ऑक्सफर्डला बसला होता आणि त्याचा माणूस कोलकात्यात बरोबरी साधत होता.

८१व्या मिनिटाला दुसरा, बिपिन सिंगचा. मणिपूरचा हा गडी २०१८पासून मुंबईत, म्हणजे बकिंगहॅमच्याही आधीचा. जोर्जे कोश्ता पाहिला, सर्जिओ लोबेरा पाहिला, बकिंगहॅम पाहिला. १३ मार्च २०२१ला फातोर्ड्यावर, कोरोनामुळे प्रेक्षक नसलेल्या मैदानात, शेवटच्या मिनिटाला गोल करून मुंबईला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं ते यानेच. तेव्हाही समोर बागानच होते आणि त्यांच्या बाकावर हबासच. तीन वर्षांनी तोच पाय, तोच प्रतिस्पर्धी, तोच हबास. फक्त रिकाम्या खुर्च्यांच्या जागी आता साठ हजार माणसं अवाक झाली होती. सामना जिंकून देणारा गोल हाच, आणि तो संघातल्या सगळ्यात जुन्या मुरलेल्या थराने केला.

सातव्या भराव मिनिटाला तिसरा, याकुब वोइतुसचा. हा स्लोव्हाकियाचा. जानेवारीत संघात आला, म्हणजे क्रात्कीनंतर. या सामन्यातही तो राखीव बाकावरूनच उतरला. बागान सर्वस्व पणाला लावून पुढे सरसावले असताना त्याने शेवटचं कुलूप लावलं.

बकिंगहॅमचा एक, त्याच्या पूर्वसुरींचा एक, क्रात्कीचा एक. ही विभागणी कुणी ठरवून केलेली नाही हे मलाही कळतं, आणि गोल एकटा कुणी करत नाही हेही. पण रसग्रहण म्हणजे हेतू शोधणं नव्हे. घडलेल्या वस्तूत काय काय साठलंय ते पाहणं. नव्या माणसाचं कौतुक करताना आपण सहसा म्हणतो, 'याने संघाचा कायापालट केला.' क्रात्कीने तसं काही केलं नाही, आणि त्याचं मोठेपण मला त्यातच दिसतं. जुने थर त्याने खरवडले नाहीत, त्यांवर आपला एक पातळ हात दिला. करंडक उचलला कर्णधार राहुल भेकेने. मुंबईचाच हा बचावपटू. २०१९च्या अंतिम सामन्यात अंधेरीच्या मैदानावर जादा वेळेत गोल करून त्याने विजेतेपद बेंगळुरूला दिलं होतं. हा माणूस आपल्या गावात दुसऱ्याचा होऊन जिंकला आणि दुसऱ्याच्या गावात आपला होऊन. मराठी वृत्तपत्रांनी याच्यावर एखादी पुरवणी काढायला हरकत नव्हती.

कोलकात्याच्या सामन्यानंतर बरोबर चौदा दिवसांनी, १८ मे रोजी, वेम्ब्लीवर बोल्टनला २-० हरवून ऑक्सफर्ड इंग्लंडमध्ये एक श्रेणी वर गेलं. बकिंगहॅमही मध्येच आलेला, तोही दुसऱ्याने उभ्या केलेल्या संघाबरोबर जिंकलेला.

क्रात्कीला पुढचा हंगाम पहिल्या दिवसापासून अख्खा मिळाला. पण मधल्या फळीतला अपुइया मोहन बागानला गेला होता. भेके, मधल्या फळीतलाच नोगेरा आणि दियाझ बेंगळुरूला. २०२४-२५मध्ये मुंबई सहाव्या क्रमांकावर राहिली आणि २९ मार्च २०२५ला बाद फेरीत बेंगळुरूकडून ०-५ हरली. पाचवा गोल दियाझचा होता.