'सुपर'च्या आधीची ओळ

जावास्क्रिप्टमधले दोन छोटे क्लास घेऊ. पहिला 'खाते': त्याचा कन्स्ट्रक्टर नाव आणि शिल्लक घेतो आणि 'धिस'वर ठेवतो, बस्स. दुसरा 'बचतखाते', 'एक्स्टेंड्स' लावून पहिल्यावरून काढलेला. त्याला व्याजदर जास्तीचा. (अशी देवनागरी नावं जावास्क्रिप्ट खुशाल चालवून घेते. टीम लीड चालवून घेईल की नाही, हा भाग वेगळा.) आता बचतखात्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये पहिल्याच ओळीत 'धिस'वर व्याजदर ठेवून बघा. कोड रन केला की रेफरन्स एरर. 'सुपर' कॉल होईपर्यंत तिथे 'धिस' नसतोच.

पुष्कळांना हा नियम म्हणजे नसती कटकट वाटते. मला सगळ्या क्लास-रचनेत सर्वांत सुंदर जागा वाटते ती हीच.

ब्रेंडन आइकने 1995 साली नेटस्केपमध्ये ही भाषा दहा दिवसांत उभी केली. आत्मा प्रोटोटाइपचा, पेहराव जावाचा. पुढची वीस वर्षं कन्स्ट्रक्टर म्हणजे साधं फंक्शनच. पहिलं अक्षर कॅपिटल, एवढीच त्याची खूण. 'न्यू' लिहायचं राहिलं तर शिल्लक बिनबोभाट ग्लोबल ऑब्जेक्टवर जाऊन बसायची. जून 2015च्या आवृत्तीत 'क्लास' आला आणि 'न्यू'शिवायच्या कॉलला टाइप एरर मिळू लागली. तरी 'टाइपऑफ'ला विचारा, क्लासला तो अजून 'फंक्शन'च म्हणतो! म्हणून कित्येक जण क्लासला जुन्याच मालावरचा मुलामा म्हणून मोडीत काढतात.

मुलामा नाही, आणि त्याचा पुरावा 'सुपर'च. जुन्या रीतीत ऑब्जेक्ट आधी खालच्या फंक्शनसाठी तयार व्हायचा आणि मग वरच्याकडे संस्काराला पाठवला जायचा. अ‍ॅरेवरून स्वतःचा प्रकार काढायला गेलं की हे उघडं पडे: इंडेक्स पाचवर काही ठेवलं तरी 'लेंग्थ' शून्यावरून हलत नसे. कारण तो अ‍ॅरे म्हणून जन्मलेलाच नसे. क्लासमध्ये क्रम उलटला. ऑब्जेक्ट घडवतो तो साखळीतला सर्वांत वरचा कन्स्ट्रक्टर, आणि 'सुपर' परतला की तो खालच्याच्या हाती 'धिस' म्हणून येतो. घडवणारा 'खाते', पण 'न्यू डॉट टार्गेट'मुळे त्याला ठाऊक असतं की हा 'बचतखाते'साठी आहे. प्रोटोटाइप त्याचाच लागतो. 'धिस'ला न शिवता 'सुपर'च्या आधी हवी ती आकडेमोड करायलाही मुभा आहे. नियम कडक, पण आंधळा नाही.

कन्स्ट्रक्टर लिहिलाच नाही तर भाषा आलेले आर्ग्युमेंट्स जसेच्या तसे वर पोचवते. आणि 2022च्या आवृत्तीपासून क्लासमध्ये थेट लिहिता येणारी फील्ड्स? ती 'सुपर' परतल्याबरोबर, पुढच्या ओळीच्याही आधी भरली जातात.

एक खोट मात्र याच क्रमातून येते. 'खाते'च्या कन्स्ट्रक्टरने एखादी मेथड कॉल केली, 'बचतखाते'ने ती बदललेली असली आणि तिला व्याजदर हवा असला, तर हाती 'अनडिफाइन्ड' येतं. व्याजदर अजून भरलेलाच नसतो. एररही येत नाही, आणि पुढचं व्याजाचं गणित मुकाट चुकतं. तेव्हा वरच्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये किमती ठेवा आणि थांबा. बदलल्या जातील अशा मेथड तिथून कॉल करू नका.