जोडीला बोलायला कारण हवे

इंग्रजीच्या तासाला ‘आता जोडीदाराशी बोला’ असे सांगितले, की वर्गात गलका होतो आणि दोन मिनिटांत विरतो. का बरे विरतो? तीन वर्षे एकाच बाकावर बसणारी मुले एकमेकांना ‘तुझे नाव काय?’ असे विचारत असतात. उत्तर दोघांनाही ठाऊक! हे संभाषण नव्हे, दोघांनी मिळून केलेले पाठांतर आहे.

या प्रश्नाचा विचार आपल्याच देशात झालेला आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत ‘बंगलोर प्रकल्प’ राबवला. व्याकरणाचे धडे न देता नकाशे, वेळापत्रके यांवरचे प्रश्न सोडवत इंग्रजी शिकायचे, ही त्यामागची कल्पना. १९८७ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. त्यात एका प्रकारच्या कामाला ते ‘माहितीची दरी’ म्हणतात. एकाजवळची माहिती दुसऱ्याजवळ नसते, म्हणून बोलावेच लागते.

पण याच प्रभूंनी मुलांचे गट करणे टाळले. मुले एकमेकांची मोडकी भाषा ऐकतील आणि चुका पक्क्या होतील, ही त्यांची भीती. ती आपल्यालाही पटते. पण दुसरी बाजू पाहायला हवी. कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजी भाषक मुलांविषयी मेरिल स्वेन यांनी १९८५ साली लिहिले. वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकून या मुलांना ती उत्तम समजत होती, बोलताना मात्र व्याकरण कच्चे राहत होते. म्हणजे चांगली भाषा कानांवर पडणे आवश्यक असले, तरी पुरेसे नाही. त्याच वर्षी लाँग आणि पोर्टर यांनी अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. शिकणारे आपापसांत बोलतात तेव्हा चुका वाढतात, असे त्यांना आढळले नाही.

आता आपल्या वर्गाचा हिशेब करू. मुले ५०, तास ३५ मिनिटांचा. शिक्षकांनी एकेकाला बोलते केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४२ सेकंद येतात. जोड्यांनी दहाच मिनिटे बोलले, तरी प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतात.

खरी अडचण चुकांची नाही, मराठीची आहे. दोघांचीही भाषा मराठी असताना इंग्रजीत का बोलावे? यावर दटावणे हा उपाय नाही. काम नीट आखणे हा आहे. एसटीच्या वेळापत्रकाच्या दोन प्रती करा. एकीत काही वेळा गाळा, दुसरीत वेगळ्या. कागद दाखवायचा नाही, विचारून भरायचा. काय विचारावे याची तयारी मराठीत झाली तरी चालेल. प्रश्न आणि उत्तर मात्र इंग्रजीतच. शिक्षकांनी फिरत ऐकावे, चुका टिपाव्यात आणि शेवटची पाच मिनिटे फळ्यावर त्यांची चर्चा करावी. प्रभूंच्या भीतीला हेच उत्तर आहे.

पुढच्या वेळी पाठ्यपुस्तकातला संवाद जोडीला देण्याआधी एवढेच तपासून पाहा : उत्तर आधीच ठाऊक असेल, तर मुलांनी विचारावे तरी कशाला?